माझ्या अंगात लॅटिन आली

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत असताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला होता, आणि तिच्या नव्या साडीवरचा तो डाग अजून माझ्याच नावावर आहे.

झालं असं, की माझी मुलगी तनू शाळेत इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेला उभी राहिली, आणि मी खाली खुर्चीवर बसल्या बसल्या असा घोळ घातला, की पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत अजूनही दोन-चार बाया मला पाहिलं की डोक्यावर पदर घेतात. मान म्हणून नाही हो! भीती म्हणून!

पण थांबा, आधी थोडं मागचं सांगते.

मी शिकले सातवी. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, एवढं साधं कारण. लग्न झालं, तनू झाली, आणि ह्यांनी तिला इंग्रजी शाळेत टाकलं. हे सकाळच्या गाडीनं पुलगावला कामावर जातात, संध्याकाळी दमून येतात. म्हणजे अभ्यास घेणार कोण? मी! जिला दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी वाचायला रिक्षा थांबवावी लागते, ती मी!

माझे सासरे सिंदीला राहतात. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी म्हणजे रिटायर मास्तर, अख्खी नोकरी मराठी शाळेत केलेली. तनू चौथीत गेली तेव्हा ते मला म्हणाले, "सूनबाई, ज्या भाषेत मायले अभ्यास घेता येत नाई, त्या शाळेत पोर एकटं पडते. हे एक वर्ष पाहू. नाई जमलं तं पाचवीपासून तनू माह्यापाशी सिंदीले. मी शिकवीन तिले."

ते रागानं नव्हते बोलले. प्रेमानंच बोलले. म्हणून तर जास्त लागलं. रागानं बोलले असते तर भांडले असते! पोरगी सिंदीला, मी इथं, आणि कारण काय, तर माय सातवी शिकलेली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

मामाजींचं आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं. शाळा सुटली की मामाजी सायकल काढून गावोगाव जायचे आणि लोकांना सांगायचे, की अंगात येणं वगैरे काही खरं नसतं. चाळीस वर्षं हेच काम! कुठं कोणी बाई घुमायला लागली की हे समोर जाऊन शांतपणे विचारायचे, "माय, एवढं सारं तुले दिसते ना? मंग माह्या खिशात काय आहे थे सांग." बस! चाळीस वर्षांत एकीलाही सांगता आलं नाही. घुमणारी बाई तिथल्या तिथे थंड व्हायची आणि मामाजी तिला चहा पाजून घरी सोडायचे.

आता वळू लॅटिनकडे.

तनूच्या शाळेत एक वही होती. दर शनिवारी तिच्यात इंग्रजी शब्दांचं एक मूळ लिहून द्यायचे. तनू म्हणाली, "मम्मी, ही मुळं लॅटिन भाषेतली आहेत. खूप जुनी भाषा आहे, आता कोणीच बोलत नाही."

"कोनीच नाई?"

"कोणीच नाही."

मला इतका धीर आला म्हणून सांगू! जी भाषा कोणी बोलतच नाही, तिच्यात माझी चूक काढणार कोण?

पहिलं मूळ निघालं 'पोर्ट'. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे ट्रान्सपोर्ट! इकडून उचललं, तिकडे नेलं! दुसरं आलं 'ट्रॅक्ट', म्हणजे ओढणं. ट्रॅक्टर! आमच्या घरासमोर रोज उभा असतो, त्याच्या धुरानं माझे पापड काळे झाले, पण तो लॅटिन आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं, म्हणून तो इन्स्पेक्टर. 'पेड' म्हणजे पाय, म्हणून सायकलचं पेडल. 'व्हर्ट' म्हणजे वळवणं, फिरवणं, म्हणून घरातला इन्व्हर्टर. 'जेक्ट' म्हणजे फेकणं, म्हणून इंजेक्शन, आत फेकायचं!

मी तर हरखूनच गेले. हे सगळे शब्द माझ्या तोंडात लहानपणापासून होते हो! फक्त सोलून कोणी दिले नव्हते.

पण लक्षात कसं राहायचं? तनू वाचायची आणि विसरायची. मी वाचू शकत नव्हते, म्हणून विसरायचा प्रश्नच नव्हता. मग मी माझी पद्धत काढली. आम्ही लहानपणी भुलाबाईची गाणी हातवारे करून म्हणायचो, ती मला अजून पाठ आहेत. तसंच करायचं! एक मूळ, एक हातवारा.

पोर्ट आलं की दोन्ही हात वर, डोक्यावर कापसाचं गाठोडं. ट्रॅक्ट आलं की विहिरीचा दोर ओढायचा. स्पेक्ट आलं की डोळे हे एवढे मोठे. पेड आलं की धाडकन पाय आपटायचा. आणि व्हर्ट आलं की मान गरगर फिरवायची. मी पोळ्या लाटताना तनू ओरडायची "पेड!" की माझा पाय फरशीवर. खालचे भाडेकरू एकदा वर येऊन विचारून गेले, "वहिनी, उंदीर मारून राह्यल्या काय?"

सहा महिन्यांत तनूला दीडशेच्या वर शब्द पाठ झाले. आणि मलाही! खोटं नाही सांगत.

मग शाळेनं स्पर्धा ठेवली. पहिले दोन नंबर पुढे वर्ध्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. मामाजींनी फोनवर सांगितलं, "मी येतो पाहाले." आणि आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे मुक्कामाला आले. मला कळलं. उद्या फैसला!

स्पर्धेच्या दिवशी मी तनूच्या दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. तिला चष्मा आहे, चांगला जाड. स्टेजवर फोटो काढणार म्हणून मीच तो काढून माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, "उत्तरं तोंडी तं द्याची आहेत, वाचाचं थोडीच आहे?" हे लक्षात ठेवा बरं.

सोबत कुसुमकाकू आल्या. कुसुमकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या. मनानं सोन्यासारख्या, पण पोरीचं लग्न जमत नाही म्हणून दिसेल त्याला हात दाखवतात. त्यांच्या पिशवीत कुंकवाची डबी कायम. मामाजी पुढच्या रांगेत बसले, आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत.

स्टेजवर मॅडम आल्या आणि त्यांनी इंग्रजीत नियम सांगितले. चांगली पाच मिनिटं सांगितले. सगळे पालक मान हलवत होते. मीही हलवली. कुठं थांबायचं ते न कळून जरा जास्तच हलवली. शेजारचा एक माणूस तर मला विचारायला लागला, "ताई, समजलं काय तुम्हाले?" मी म्हटलं, "हो ना, सोपंच तं आहे!"

बोला! त्या पाच मिनिटांत मॅडमनी काय सांगितलं होतं माहीत आहे? मुलाला पाच मुळं एकदम सांगणार. मग एक मिनिट गप्प उभं राहून विचार करायचा. बोलायचं नाही. घंटी वाजली, की मगच उत्तरं द्यायची.

हे मला कळलं संध्याकाळी!

चिठ्ठी काढली, तर पहिला नंबर तनूचाच. दुसऱ्या कोणाचं पाहून समजावं म्हटलं तर तीही सोय नाही. तनू माईकसमोर उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "स्पेक्ट, पोर्ट, ट्रॅक्ट, पेड, व्हर्ट."

माझ्या जिवात जीव आला. पाचही आमचीच! स्वयंपाकघरातली!

आणि तनू गप्प.

मी वाट पाहिली. तनू गप्पच. छताकडे पाहते आहे, ओठ मिटलेले. अगं, बोल ना! स्पेक्ट! कालच तर केलं! पुढच्या रांगेत मामाजींनी घड्याळात पाहिलं, आणि मला सिंदीची गाडी सुटताना दिसायला लागली.

मग माझं मलाच कळलं नाही. मी डोळे मोठे केले. स्पेक्ट! तनू पाहीना. अजून मोठे केले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. मग दोन्ही हात वर केले, पोर्ट! तनू ढिम्म. मी उठून उभी राहिले आणि हवेतला दोर ओढायला लागले, ट्रॅक्ट, ट्रॅक्ट, ट्रॅक्ट! तरी ती गप्प! पाय आपटला, धाड! पुन्हा धाड! चप्पल उडून पुढच्या माणसाच्या मांडीवर. आता उरलं व्हर्ट. मी जीव खाऊन मान फिरवली. गरगर, गरगर! अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, पिना कुठल्या कुठं गेल्या.

"अवं माय!" कुसुमकाकू किंचाळल्या. "आंगात आलं वं हिच्या!"

मी थांबायला हवं होतं ना? पण तनू अजून गप्प होती हो! मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"सरका, सरका! हवा येऊ द्या!"

"हवा काय करतं बाप्पा, निंबू आना निंबू!"

"गेटवरच्या रसवाल्यापाशी असन, धावा!"

कोणीतरी बाटलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. कुसुमकाकूंनी डबी उघडून माझ्या कपाळावर, नाकावर, गालावर, जिथं हात लागेल तिथं कुंकू लावलं. आणि नेमकी त्याच वेळी स्टेजवर मॅडमच्या हातातली पितळी घंटी वाजली. टण टण टण!

अर्ध्या सभागृहानं हात जोडले.

आणि घंटी वाजल्याबरोबर तनू बोलायला लागली. एकदम खडखडीत! पाची मुळं, पाची अर्थ, वर प्रत्येकाचे दोन दोन शब्द. मी ऐकलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धं लिंबू होतं.

आता शांत बसले असते तर निभलं असतं. पण मागून एक बापमाणूस उठला. त्याचा पोरगा दुसऱ्या नंबरवर उभा राहणार होता. तो म्हणाला, "मॅडम, ही बाई पोरीले इशारे करून राह्यली होती! म्या स्वतः पाह्यलं!"

मॅडम खाली आल्या. मराठीतच बोलल्या, मला कळावं म्हणून असेल. "हे खरं असेल तर तनूचा नंबर बाद करावा लागेल."

मी तोंड उघडायच्या आत कुसुमकाकू कमरेवर हात देऊन उभ्या. "इशारे कायचे वो मॅडम? दिसत नाई काय तुम्हाले? बाईच्या आंगात आलं आहे! आता पाप लागन तुम्हाले!"

पाहा माझी पंचाईत. खरं सांगितलं तर तनू बाद, आणि पाचवीपासून सिंदी. गप्प बसले तर माझ्या अंगात आलं, तेही कोणासमोर? मामाजींसमोर!

मी गप्प बसले. एवढंच नाही, हळूच थोडी घुमले. सांगायला लाज वाटते, पण घुमले. हूं... हूं... आई काय काय करते लेकरासाठी!

गर्दी बाजूला झाली आणि मामाजी पुढे आले. चाळीस वर्षांत शेकडो बाया पाहिल्या असतील त्यांनी, पण घरची सून पहिलीच. माझ्या समोर उभे राहिले. नेहमीचा तोच शांत आवाज.

"माय, एवढं सारं तुले दिसते ना? मंग माह्या खिशात काय आहे थे सांग."

आता तुम्हीच सांगा. मामाजींचा तो सदरा आदल्या रात्री इस्त्री कोणी केला? मी! गॅस होतो म्हणून त्यांच्या खिशात पुडी कोण भरतं? मी! तोंडातून आपसूक निघालं, "ओवा!"

सगळ्यांच्या माना मामाजींच्या खिशाकडे वळल्या.

मामाजींचा हात सावकाश खिशात गेला. पुडी बाहेर आली. ओवा.

"पाह्यलं? पाह्यलं!" कुसुमकाकू धाडकन माझ्या पायावर पडल्या. "माय, सांग वं, माह्या सुषमाचं लगन कवा जमन? कुठं जमन?" आणि माझा पदर गच्च धरून ठेवला. मी सुटायची धडपड करत पदर ओढला, त्या सोडेनात, मी अजून ओढला. मागं आणखी चार बाया रांग लावून उभ्या. एकीला जमिनीचं विचारायचं होतं, एकीला सुनेचं.

मी मामाजींकडे पाहिलं. ते पुडी हातात धरून तसेच उभे होते. चेहरा असा, की चाळीस वर्षांची सायकल कोणीतरी एका क्षणात पंक्चर केली.

नाही पाहवलं मला. मी केस मागं घेतले, तोंडातलं लिंबू काढलं आणि म्हटलं, "मामाजी, आंगात नाई आलं. काईच नाई आलं. मी तनूले इशारे करून राह्यली होती. पुडी तं मीच भरली होती ना सकाळी."

"पाहा! मी म्हणत नव्हतो?" मागचा बापमाणूस.

"असंच म्हनते बाई," कुसुमकाकू रांगेतल्यांना समजावत होत्या. "आंगातून गेलं की नाईच म्हनते."

मॅडमनी तनूला खाली बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "तनू, खरं सांग. मम्मीकडे पाहून उत्तरं दिलीस?"

तनू डोळे बारीक करून आमच्या घोळक्याकडे पाहायला लागली. एकदा मागच्या बापमाणसाकडे, एकदा कुसुमकाकूंकडे.

"मम्मी आहे कुठं पण?" ती म्हणाली. "मला स्टेजवरून नुसतं धुकं दिसत होतं. माझा चष्मा मम्मीच्या पर्समध्ये आहे."

मी पर्स उघडली. कंगवा, तनूचा रुमाल, आलूबोंडा गुंडाळलेला कागद, आणि चष्मा. मॅडमनी तो डोळ्यांवर धरून पाहिला आणि लगेच काढला. म्हणाल्या, "बापरे!"

म्हणजे माझे ते मोठे डोळे, तो दोर, ती गरगर, ते सगळं कोणासाठी होतं? पोरीला दिसत नव्हतं. तिला गरजही नव्हती. ती बिचारी नियमाप्रमाणे घंटीची वाट पाहत होती!

मॅडमनी तिला चष्मा लावून पाच नवी मुळं दिली. मला हॉलच्या बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तनूनं पाचही सांगितली. शेवटी तिचा दुसरा नंबर आला. पहिला कोणाचा, ते विचारू नका, त्या बापमाणसाच्या पोराचा. हुशार आहे पोरगं.

घरी येताना मामाजी रिक्षात ओव्याची ती पुडी हातात धरून बाहेर पाहत बसले. माझ्या कपाळावरचं कुंकू ओघळून गळ्यापर्यंत आलं होतं. मी मनात तनूची पेटी भरायला घेतली. कोणते फ्रॉक द्यायचे, स्वेटर द्यायचा का. घराजवळ आलो तेव्हा ते तनूला म्हणाले, "काऊन वं, हे शब्द तुले कोनं शिकवले?"

"मम्मीनं."

"इंग्रजी कुठं येते तिले?"

"इंग्रजी नाही येत आबा. लॅटिन येते."

मामाजी इतके हसले, की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोट्टी इथंच राहीन, सूनबाई. शिकव तू. पन एक सांगतो, चाळीस वर्षं सायकल दामटून मी जे लोकाइच्या डोक्यातून काढलं, थे तुवा एका मिनिटात परत भरलं."

मला वाटलं, संपलं. कुठं संपतं! दोन महिन्यांनी कुसुमकाकू पेढे घेऊन आल्या, सोबत हिरवी साडी. सुषमाचं लग्न जमलं!

"तूनं सांगतलंच होतं माय," त्या म्हणाल्या. "मी कुठं जमन म्हनून विचारलं, तं तू वढून दाखवलं. म्या तवाच समजली."

"काय समजल्या काकू?"

"जवाई ट्रॅक्टरवाला आहे!"

आता त्यांना काय सांगू? लॅटिनच्या हिशोबानं बरोबरच होतं ना!

परवा वर्ध्याच्या मोठ्या स्पर्धेसाठी शाळेतून नियमांचा कागद आला. पानभर इंग्रजी. मी तनूला म्हटलं, वाच आणि एकेक मला समजाव, या वेळी मी मान हलवणार नाही. ती म्हणाली, "शेवटचा तूच वाच मम्मी, तो मराठीत आहे."

खरंच होता. अख्ख्या कागदावर एकच नियम मराठीत, तोही जाड अक्षरात, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना नक्की वाचता यावा:

'पालकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसावे. मान फिरवू नये.'